भात सोडून

आबा माझ्या स्कूटरवर कधीही बसले नाहीत. घोटीच्या बाजारात गाठ पडली आणि दोघांनाही त्यांच्या गिरणीकडेच जायचं असलं, की मी स्कूटर पहिल्या गिअरमध्ये रडतखडत चालवायची आणि त्यांनी शेजारून तरातरा चालायचं, अशी आमची वरात निघायची. पहिल्या भेटीत मी सहज "बसा मागे" म्हटलं होतं. त्यांनी स्कूटर पुढून पाहिली, मागून पाहिली, सीटवर हात ठेवला आणि विचारलं, "सगळी फिटली का?"

"नाही आबा, हप्ते चालू आहेत अजून."

"मंग ती बँकेची हाय. तिला इचारल्याबिगर मला कसा बसवतो तू?"

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे हप्ते फिटले तेव्हा ते सांगायला मी हौसेने गेलो, पण गेलो तो नव्या मोटारसायकलवर, आणि तिचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. आबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चालायला लागले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. नाशिकला भातगिरणीची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात मी फिरता विक्रेता होतो. घोटी, इगतपुरी आणि वरचा सगळा डोंगराळ भाताचा पट्टा माझ्याकडे होता. नावाला मी यंत्रं विकायचो, पण खरं म्हणजे हप्ते विकायचो. एकरकमी पैसे टाकून गिरणी घेणारा माणूस मला त्या भागात भेटलाच नव्हता. कर्जाचे कोरे अर्ज बॅगेत तयार असायचे, बँकेतला साहेब ओळखीचा होता, आणि "मशीनच आपला हप्ता आपण भरते" हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोललो असतो. माझ्या घरातला फ्रिज, टीव्ही, कपाट, सगळं हप्त्यावर आलेलं होतं आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

आबांची गिरणी घोटीच्या बाहेर, डोंगरातल्या पाड्यांवरून उतरणारी वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे होती. पत्र्याची लांब शेड, पुढे ओटा, ओट्याला लागून चुना दिलेली भिंत. आबा तेव्हा साठीच्या आसपास असतील. अंगाने काटक, डोक्याला कायम रुमाल, आणि भुवयांवर बारा महिने कोंड्याचा पांढरा थर. त्यामुळे त्या खरोखरच पांढऱ्या कधी झाल्या, ते कुणालाच कळलं नाही. मला ते कधी नावाने हाक मारत नसत. "काय एजंट, आज काय खपवाया आणलं?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता चहा सांगायचे.

चहाचे पैसे मात्र आधी. हॉटेलात शिरले की गल्ल्यावर पैसे ठेवायचे, मग बसायचे. हॉटेलवाल्याला सुरुवातीला हा अपमान वाटायचा, नंतर सवय झाली. न्हाव्याकडेही तेच. मी एकदा विचारलं, "आबा, दाढी व्हायच्या आधी पैसे कशाला?" तर म्हणाले, "अर्धी दाढी झाली आन मी मेलो, तर त्या गरिबानं कुणाकडं मागायचं?" न्हावी वस्तरा हातात घेऊन तसाच उभा राहिला. आबा डोळे मिटून खुर्चीत टेकून बसले होते.

त्यांच्या गिरणीतल्या प्रत्येक यंत्राला नाव होतं, आणि ते यंत्र घेण्यासाठी घरातलं काय विकलं त्यावरून ते पडलेलं होतं. भात भरडायचा हलर घेताना खिल्लारी बैलांची जोडी विकली होती, म्हणून हलरचं नाव खिल्लारी. विजेच्या मोटारीत बायकोच्या पाटल्या गेल्या होत्या, म्हणून मोटारीचं नाव पाटल्या. वजनकाटा होता तो बोकड. परका माणूस गिरणीत आला आणि आतून "पाटल्या तापल्या, जरा थांबवा" असं ओरडणं ऐकू आलं, तर तो चक्रावून जायचा. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. उन्हाळ्यात दुपारी मोटार बंद असली, की आबा तिच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसायचे, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

घरात ती दोघंच, आबा आणि त्यांची मुलगी. नवरा अपघातात गेल्यावर ती लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच माहेरी परत आली होती. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही म्हणायचो, वयाने ती माझ्याहून लहान असली तरी. पट्टा घसरला तर चढवायची, भरडाईचे पैसे घ्यायची, हलरची चाळण बदलायची. आबांच्या मागे तिचं जे काही होणार होतं ते त्या शेडवर अवलंबून होतं. हे तिला माहीत होतं, आबांना माहीत होतं, आणि दर महिन्याला चहा पिऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या मलाही.

कारण हलरचे दिवस भरत आले होते. हलर भाताचं तूस काढतो, पण दाणाही मोडतो. पोतंभर भात घातलं तर तांदळात कणीच फार. आमच्या दुकानात तोवर रबरी रोलवाली नवी गिरणी आली होती. तिच्यात दोन रबरी रोल भात अलगद सोलतात आणि तांदूळ अख्खा उतरतो. इंद्रायणी सर्रास पिकायला लागल्यापासून लोकांना तुकडा नको झाला होता. आबा हे सगळं माझ्याआधी ओळखून होते. जुन्याला चिकटून बसणारा तो माणूस नव्हता. एकदा ते काही न सांगता नाशिकच्या दुकानात आले. मांडून ठेवलेल्या यंत्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग एका रोलवर तळहात टेकवला आणि नुसता फिरवून पाहिला. लहान पोराच्या गालावरून हात फिरवावा तसा. मालकांनी विचारलं, "शेठ, घ्यायची का?" आबा म्हणाले, "घ्यायची. पैसे झाले की."

ते पैसे काही होत नव्हते. म्हणजे होत होते, पण उशिरा. हंगाम संपला की आबा पोस्टात पैसे टाकायचे, दिवाळीनंतर माझ्याकडे भाव विचारायचे, आणि तेवढ्यात कंपनीने भाव वाढवलेला असायचा. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जेवढं साठवावं, त्याच्या दोन पावलं पुढे ते यंत्र सरकलेलं. आबांच्या जवळ नेहमी गेल्या वर्षीच्या मशीनचे पैसे असायचे. मी नवा भाव सांगितला की ते "बरं" म्हणायचे आणि ताई उठून आत जायची.

मी त्यांना कमी समजावलं नाही. "आबा, आज मशीन घेतली तर आजपासून कमवायला लागेल. तुम्ही साठवत बसलात तर पाच वर्षं ती दुसऱ्याकडे कमवेल. व्याज जातं, मान्य. पण गिऱ्हाईक गेलं तर ते व्याजापेक्षा महाग पडतं." ते सगळं ऐकून घ्यायचे. व्याजाचा दर विचारायचे, मुदत विचारायचे, एखादा हप्ता चुकला तर काय होतं ते विचारायचे. मला दर वेळी वाटायचं, आज मासा गळाला लागला. आणि मग शेवटी त्यांचा तो एक प्रश्न यायचा.

"आन पाटी?"

कर्जाऊ गिरणीच्या दर्शनी भिंतीवर बँक पाटी रंगवून घेते. "या गिरणीतील सर्व यंत्रसामग्री व माल बँकेकडे तारण आहे." खाली शाखेचं नाव. मी म्हणायचो, "पाटी लागणार आबा, नियमच आहे. लोक काय पाट्या वाचतात?"

"मंग नको," म्हणून आबा उठायचे.

ही त्यांची मिजास आहे, असं मी धरून चाललो होतो. चारचौघांत कर्ज दिसायला नको, एवढंच. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. रात्री दार लावून कर्जाच्या कागदावर सही करणारी आणि सकाळी बापाच्या पुण्याईची गिरणी आहे म्हणून सांगणारी. त्यामुळे आबांचा मला मनातून थोडा रागही यायचा. एका पाटीपायी हा म्हातारा पोरीचं वाटोळं करणार, असं मी बायकोला घरी म्हटल्याचं आठवतं.

ताई एकदा माझ्यासमोरच बोलली. तेव्हा इगतपुरीच्या रस्त्याला रबराची गिरणी सुरू होऊन हंगाम उलटला होता आणि आबांच्या ओट्यावर पोती विरळ दिसायला लागली होती.

"आबा, तुम्ही कुणाचं देणं ठेवलं नाही, बरं केलं," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी काय ठेवताय? हा हलर? तो मी कुणासाठी चालवू?"

आबा खाली बघत होते. "वरीसभर थांब," ते म्हणाले.

"दर वर्षी वर्षभर थांबते मी."

मी बॅग उचलून निघालो. अशा वेळी विक्रेत्याने थांबायचं असतं, पण मला तिथे थांबवेना.

आता पाड्यांवरच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भात झोडून झालं की वरची निम्मी माणसं घरदार बंद करून निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि शिमग्याच्या सुमाराला परततात. मागे घरात भात ठेवलं तर उंदीर, चोरी, वणवा, काहीही होऊ शकतं. म्हणून ती माणसं जाताना भात गिरणीत ठेवून जायची. चिठ्ठी नाही, पावती नाही. पोत्याच्या तोंडाला घरच्या बाईच्या लुगड्याची चिंधी बांधायची. निळी, हिरवी, फुलाफुलाची. शिमग्याला यायचं, आपली चिंधी ओळखायची, भात भरडून घ्यायचं आणि घरी जायचं. पुढचं पीक हाती येईपर्यंत ती माणसं त्या भातावर जगायची. आबा ठेवणावळ घेत नसत. "भात सोड आन बिनघोर जा," एवढं म्हणायचे. हिवाळ्यात त्यांच्या शेडची मागची बाजू त्या रंगीत चिंध्यांनी भरून गेलेली असायची आणि त्या दिवसांत आबा शेडमध्येच झोपायचे.

मार्गशीर्षातली एक सकाळ. मी आणि आबा ओट्यावर बसलो होतो. समोरच्या वाटेने पाड्यावरची एक म्हातारी डोक्यावर भाताचं ओझं घेऊन उतरली, मागे बैलगाडीत तिचा मुलगा आणि चार पोती. दर वर्षी आबांकडे भात ठेवणारं हे घर. गाडी ओट्याकडे वळायच्या ऐवजी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेली आणि म्हातारीने पदर पुढे ओढून मान वळवली.

"काय गं, इकडं नाय का?" आबांनी हाक मारली.

म्हातारी थांबली. तिला फार अवघड झालं होतं. "आबा, राग मानू नका. सून म्हनती तुमच्यात कणी लय पडती. तिकडं रबराच्या गिरणीत अख्खा तांदूळ भेटतो."

"बरोबर म्हनती सून. आन द्राक्षाला जाताना भात ठिवणार कुठं?"

"तिथंच. तोबी ठिवून घेतो."

"तिथं भितीवर पाटी हाय," आबा म्हणाले.

"कसली पाटी?" म्हातारीने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.  आबांनी हाताने "जा" अशी खूण केली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

मग त्यांनी मला ते सांगितलं. मी न विचारता, माझ्याकडे न बघता.

स्वतःची गिरणी घ्यायच्या आधी आबा दुसऱ्या एका गिरणीत मेस्त्री होते. त्या मालकाने कर्ज काढून गिरणी घातली होती आणि हप्ते थकवले होते. आबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. हिवाळ्यात पाड्यावरच्या माणसांची पोती त्यांनीच उतरवून घेतली होती, चिंध्या त्यांच्यासमोर बांधल्या होत्या, आणि "बिनघोर जा" असं त्यांनीच सांगितलं होतं. माघात बँकेची माणसं आली आणि गिरणीला कुलूप घालून लाखेचा शिक्का मारून गेली. आत यंत्र होतं आणि पोतीही होती. पाटीवर लिहिलेलंच होतं, सर्व यंत्रसामग्री व माल.

"शिमग्याला मानसं आली," आबा म्हणाले. "येकेकाला सांगत बसलो. येक बाई व्हती, पोटूशी. तिनं मला इचारलं, मेस्तरी, म्या बँकेकून काय घेतलं? मंग बँकेनं माझं भात का घेतलं?"

त्यांनी ओट्यावर सांडलेले भाताचे चार दाणे वेचले. 

"मला तिला उत्तर देता आलं नाय. आजूनबी येत नाय. पावसाळा उलटल्यावर कोर्टानं कुलूप काढलं. पत्रा गळत व्हता. भाताला मोड आले व्हते, पोत्यातल्या पोत्यात."

त्या माणसांनी त्या वर्षी काय खाल्लं, हे मी विचारलं नाही. आबांची भाताची दोन खाचरं होती आणि ती त्यानंतर लगेच विकली गेली, एवढं मला पुढे ताईकडून कळलं. त्या पैशांतून कुठलंच यंत्र आलेलं नव्हतं. म्हणून त्या खाचरांचं नाव गिरणीत कुठे नव्हतं.

मला स्वतःची लाज वाटली असं नाही म्हणणार. मी माझं काम करत होतो.  पण इतकी वर्षं मी त्यांना व्याजाचा हिशेब समजावत होतो आणि त्यांचा प्रश्न व्याजाचा नव्हताच.

"माझ्या दारावर ती पाटी नको म्हनून मी रोखीच्या मागं लागलो," आबा म्हणाले. "ह्यांच्या भातासाठी. आन आता भातच पाटीखाली निघालंय. मी हितं रोखीत बसलोय."

थोड्या वेळाने ते उठले, रुमाल झटकला आणि म्हणाले, "एजंट, तुझ्या त्या बँकेच्या सायबाला बोलीव."

पोस्टातले सगळे पैसे त्यांनी पुढे केले आणि उरलेल्याचं कर्ज घेतलं. सही करताना ते एकेक अक्षर सावकाश काढत होते, आणि ताई शेजारी उभी राहून भिंतीकडे बघत होती. इतकी वर्षं तिला जे हवं होतं ते होत होतं, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. यंत्र आलं त्या दिवशी मी टेम्पोबरोबर गेलो. बँकेच्या पेंटरने आदल्या दिवशीच पाटी रंगवली होती. निळी अक्षरं, ठसठशीत. "या गिरणीतील सर्व यंत्रसामग्री व माल बँकेकडे तारण आहे."

आणि तिच्या खाली, त्याच निळ्या रंगात, त्याच हाताची, जरा लहान अक्षरं होती. "भात सोडून."

मी आबांकडे पाहिलं.

"त्याच पेंटरला थांबीवलं," आबा म्हणाले. "पैसे आधी दिले."

नवी गिरणी चालली. तांदूळ अख्खा पडायला लागला, गेलेली गिऱ्हाइकं परतली. रस्त्यापलीकडून गेलेल्या त्या म्हातारीची गाडीही पुढच्या वर्षी वळून ओट्याला लागली. ताईचे हात दिवसभर चालू असायचे. यंत्राला मात्र नाव मिळालं नाही. कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, "ती पाहुणी हाय. फिटली की नाव ठिवू." पाहुणीची ते काळजीही तशीच घ्यायचे. खिल्लारीला जेवढ्या शिव्या घालायचे तेवढ्या तिला कधी घातल्या नाहीत.

मग एका वर्षी ऐन कापणीच्या तोंडावर पाऊस कोसळत राहिला आणि भात उभ्याचं आडवं झालं. डोंगरात सगळीकडे तेच. भरडायलाच काही नाही, तर हप्ता कुठून भरणार? दोन हप्ते थकले, आणि बँकेचे नवे साहेब नोटीस घेऊन गिरणीवर आले. जुने साहेब बदलून गेले होते. ताईने मला निरोप पाठवला म्हणून मीही तिथे होतो.

साहेब आधी पाटीसमोर उभे राहिले. तरुण होते, कपडे नीटनेटके. "हे खाली काय आहे?"

"भात सोडून," आबा म्हणाले.

"वाचता येतं मला. लिहिलं कोणी?"

"मी लिवून घेतलं."

"बँकेच्या पाटीवर असं काही लिहिता येत नाही."

"पाटीवर नाय लिवलं. पाटी संपली तिथून खाली लिवलं."

साहेब आत गेले. शेडच्या मागच्या बाजूला त्या वाईट वर्षातलीही पोती होतीच, नेहमीपेक्षा थोडी, चिंध्या बांधलेली. "हा साठा गिरणीचा ना?" साहेबांनी विचारलं. "याची नोंद घ्यावी लागेल."

आबा पोत्यांपाशी गेले. एकेक चिंधी बोटांत धरून सांगायला लागले. ही टेकडीवरच्या घराची, माणूस पायाने अधू आहे. ही तिघी जावांची, तीन गाठी बघा. ही त्या पोरीची, ती ओझरकडे द्राक्षबागेत आहे, पोर लहान आहे. ते घाईत नव्हते आणि आवाजही चढला नव्हता. साहेब ऐकत होते. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि माझ्या मनात एकच विचार होता, हा माणूस आज कुलूप घालून गेला तर आबा ही गोष्ट दुसऱ्यांदा बघायला जगणार नाहीत.

शेवटच्या चिंधीपाशी आबा थांबले. "सायब, यातल्या येकानंबी तुमच्या बँकेकून काय घेतलेलं नाय."

 साहेब बाहेर आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. मग ताईकडे वळून म्हणाले, "पंधरवड्यात थकबाकी भरा. त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि ती खालची ओळ पुसून टाका."

"पुसतो," आबा म्हणाले. "फुडच्या महिन्यात."

थकबाकी भरली ती खिल्लारीने. पेठकडच्या एका माणसाने जुना हलर विकत घेतला, गिऱ्हाईक मीच आणलं होतं. टेम्पोत चढवताना आबा पुढे झाले, त्याच्या लोखंडी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बैल दुसऱ्यांदा इकले." मग तोंड फिरवून शेडमागे गेले. ताई त्यांच्या मागे जायला निघाली, पण अर्ध्यावर थांबली आणि परत फिरली.

ती ओळ मात्र पुसली गेली नाही. दर दोन-तीन वर्षांनी साहेब बदलायचे, नवा साहेब पाहणीला यायचा, पाटी बघायचा आणि पुसायला सांगायचा. आबा पुढच्या महिन्याचा वायदा करायचे. न्हाव्याचे पैसे दाढीच्या आधी देणाऱ्या माणसाने आयुष्यात बँकेच्या कर्जाखेरीज ठेवलेली ही एकच उधारी, आणि ती त्यांनी मरेपर्यंत बुडवली. पावसाळ्यानंतर भिंतीला चुना लागला की वरची पाटी सोडून चुना द्यायचा असे, आबा खालची ओळही सोडायला लावायचे आणि रंग उडाला असेल तर स्वतः काडीने गिरवायचे.

शेवटचा हप्ता आबांना दिसला नाही. ते गेले तेव्हा थोडेच हप्ते राहिले होते. फार आजारी पडले नाहीत. सकाळी शेडमध्ये झोपलेले सापडले, पोत्यांच्या बाजूला. मी नाशिकहून पोचलो तेव्हा ओट्यावर इतकी माणसं होती की मला पाय ठेवायला जागा नव्हती. मला रडू आवरलं नाही. एकही यंत्र मी त्यांना माझ्या बोलण्याने विकलं नव्हतं आणि तरी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत मला तेच आपले वाटायचे.

कर्ज ताईने फेडलं. त्यानंतर बँकेचा माणूस चुन्याचा डबा घेऊन पाटी बुजवायला आला. त्याने वरची ओळ पांढरी केली आणि खालच्या ओळीवर ब्रश टेकवणार, तोच ताई म्हणाली, "ती तुमची नाही." तो ब्रश धुऊन निघून गेला.

त्या हिवाळ्यात मी गेलो होतो. पांढऱ्या भिंतीवर आता निळ्या रंगात एवढंच उरलं होतं, "भात सोडून." रस्त्याने जाणाऱ्या कुणाला त्याचा अर्थ लागणं शक्य नव्हतं. आत ताई पाहुणीवर भात टाकत होती. तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. मी ओट्यावर बसलो. वाटेने ती म्हातारी उतरली, आता पुरती वाकलेली, मुलाच्या गाडीबरोबर. मुलाने पोती ओट्यावर टाकली आणि तो गाडी वळवायला गेला. एस. टी.च्या थांब्यावर सून आणि नातवंडं बोचकी घेऊन उभी होती, बागेवर निघालेली.

म्हातारीची नजर भिंतीवर गेली. "वरचं पुसलं व्हय," ती म्हणाली. "हे खाली काय ठिवलंय, भाऊ?"

"भात सोडून," मी वाचून दाखवलं. वर काय होतं, बँक म्हणजे काय, तारण म्हणजे काय, हे तिला कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो.

तिने आधीच मान हलवली. "भात सोडून जा म्हनत्यात. आबाच त्ये. गेले तरी त्येच."

तिने पदराच्या काठाची चिंधी फाडली आणि एकेका पोत्याच्या तोंडाला बांधली. आत गिरणीच्या आवाजात ताईला काही ऐकू गेलं नाही, आणि म्हातारीने तिला हाकही मारली नाही. पोती ओट्यावर तशीच सोडून ती थांब्याकडे चालायला लागली.